पियानो वाजवणाऱ्यांचे हात, खांदे आणि पाठ: दुखणं सुरू होण्याआधी आणि झाल्यावर काय करायचं

परीक्षा किंवा कार्यक्रम जवळ आला की पियानोच्या क्लासमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "दुखतोय थोडा, पण त्याशिवाय हात बसणार कसा?" मुलं म्हणतात, पालक म्हणतात, काही शिक्षकही म्हणतात. रियाजाबद्दल आपल्याकडे जो आदर आहे, त्यातून हे येतं. पण या समजुतीपायी चांगले तयारीचे हात वाया गेले आहेत. स्नायू दमणं वेगळं आणि दुखणं वेगळं. दमलेला हात रात्रीच्या झोपेनंतर ताजा होतो. दुखणारा हात तुम्हाला काहीतरी सांगत असतो आणि त्याचं न ऐकता वाजवत राहिलं, तर तो एक दिवस ऐकायचं थांबतो.

ग्रेडच्या परीक्षा देणारी मुलं, चर्चमध्ये किंवा गायनवृंदाला साथ करणारे, हॉटेलात आणि समारंभांत वाजवणारे, मंचावर एकल वादन करणारे आणि पन्नाशीत हौसेने शिकायला बसलेले, या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. क्रमाने वाचा. पण आत्ता हात दुखत असेल, तर थेट खुणांच्या भागाकडे जा.

आधी हात चालतो कसा ते पाहा

डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा मांसल भाग पकडा आणि उजवी बोटं टेबलावर वाजवल्यासारखी हलवा. हालचाल दिसते बोटांत, पण स्नायू हलतात ते तुमच्या डाव्या मुठीत. बोटं वाकवणारे आणि उचलणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात. तिथून टेंडन, म्हणजे कंडरा, मनगट ओलांडून बोटांपर्यंत जातात. तळव्याच्या बाजूला मनगटात एक अरुंद बोगदा आहे. त्यातून असे ९ टेंडन आणि त्यांच्याबरोबर एक महत्त्वाची नस जाते. मनगट वर किंवा खाली फार वाकवलं की त्या बोगद्यात दाब वाढतो. मनगट सरळ ठेवा असं शिक्षक सारखं का सांगतात, ते यावरून कळेल.

आता दुसरी चाचणी. तळवा टेबलावर टेकवा, मधलं बोट आत दुमडा आणि बाकीची बोटं न हलवता अनामिका उचलून बघा. जवळजवळ उठतच नाही. मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे टेंडन हाताच्या पाठीवर एकमेकांशी जोडलेले असतात, त्यामुळे असं होतं. अनामिका 'कच्ची' नाही, तिची घडणच तशी आहे. तिला एकटीला उंच उचलायचे व्यायाम तासन् तास करून घेणं म्हणजे शरीररचनेशी भांडण. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमनला आधी पियानोवादक व्हायचं होतं. बोटांसाठी तो एक यंत्रही वापरत असे. १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट निकामी होत गेलं आणि मंचावरच्या वादनाचं स्वप्न संपलं. यंत्रानेच घात केला की आणखी कशाने, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. पण अशा यंत्रांपासून लांब राहायला एवढं पुरे आहे. बाजारात आजही स्प्रिंगची बोट-व्यायामाची साधनं मिळतात. पियानोसाठी त्यांचा उपयोग नाही.

पहिली पायरी: बैठक

बरीचशी दुखणी इथे सुरू होतात आणि याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२ ते ७४ सेंटिमीटरवर असतात. आपल्या घरातलं डायनिंग टेबलच ७५ सेंटिमीटरच्या आसपास उंच असतं. त्यावर की-बोर्ड ठेवला की पट्ट्या ८५ पर्यंत जातात. समोर प्लॅस्टिकची खुर्ची. मग दहा वर्षांची मुलगी खांदे कानांपर्यंत उचलून वाजवते, पाय लोंबकळतात, आणि वर्षभराने मान दुखते म्हणून तिला मोबाईल कमी बघायला सांगितलं जातं. मोबाईल कमी बघावाच, पण आधी ते टेबल बदला.

बसायची पद्धत अशी. बाकाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, टेकू नका. दोन्ही पाऊलं जमिनीवर पूर्ण टेकलेली हवीत. खांदे सैल सोडून हात पट्ट्यांवर ठेवले, की कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा बोटभर वर आलं पाहिजे. अंतर मोजायचं असेल तर मूठ करून दोन्ही हात सरळ पुढे करा. पट्ट्यांमागच्या उभ्या फळीला मुठी टेकल्या, तर अंतर बरोबर आहे. लहान मुलांच्या पायांखाली पाट द्या किंवा जाड पुस्तकांचा गठ्ठा पक्का बांधून ठेवा. पाय अधांतरी असले की शरीर तोल सांभाळण्यासाठी कंबर आणि खांदे आवळतं आणि तो ताण थेट बोटांत उतरतो. खुर्ची उंच करायची तर सतरंजीची घट्ट घडी घाला. मऊ उशी नको, कारण तिच्यावर बसलं की माणूस हलत राहतो.

कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड जमिनीपासून जेमतेम ३५ सेंटिमीटर उंचीच्या घडीच्या खुर्चीवर बसून वाजवत. त्यांचे व्हिडिओ पाहून अनेकांना तसं बसावंसं वाटतं. त्या गूल्डना १९७७च्या सुमारास हातांवरचं नियंत्रण हरवल्यासारखं वाटू लागलं होतं आणि त्याच्या नोंदी ते वहीत लिहून ठेवत होते. त्यांचं वादन ऐका, बैठक घेऊ नका.

मोठ्या वयात शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तुमचा चष्मा खाली वाचनाचा आणि वर लांबचा असेल, तर समोरची नोटेशन खालच्या काचेतून दिसावी म्हणून तुम्ही हनुवटी वर करून बसता. अर्ध्या तासात मान भरून येते आणि दोष पियानोवर जातो. स्टँडवरचा कागद डोळ्यांपासून किती अंतरावर आहे ते मोजा आणि तेवढ्याच अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या.

पेटीवरून पियानोकडे आलेल्यांचं शरीर आणखी वेगळं असतं. मांडी घालून बसायची सवय, डावा हात भात्यावर, त्यामुळे धड किंचित वळलेलं, आणि पट्ट्या हलक्या. पेटीत आवाज भात्यातल्या हवेवर कमीजास्त होतो, बोटाच्या जोरावर नाही. हे वादक पियानोवर आले की जोर कुठून आणायचा हे कळत नाही आणि तो मनगट घट्ट करून आणतात. त्यांनी पहिले काही आठवडे फक्त दंडाचं वजन पट्टीवर सोडायला शिकावं, बाकी घाई करू नये.

दुसरी पायरी: वाद्य कोणतं आणि आवाज किती

६१ पट्ट्यांच्या हलक्या की-बोर्डवर सहा महिने तयारी करायची आणि परीक्षेच्या दिवशी ग्रँड पियानोसमोर बसायचं, हे आपल्या शहरांत रोज घडतं. पियानोची पट्टी खाली जायला साधारण ५० ग्रॅम वजन लागतं आणि ती सुमारे १ सेंटिमीटर खाली जाते. हलक्या की-बोर्डवर यातलं काहीच नसतं. ज्या हाताने हे वजन कधी उचललेलंच नाही, तो पंधरा मिनिटांत दमतो. घरी पियानो ठेवणं जमत नसेल, तर निदान ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या आणि कार्यक्रमाआधीचे काही आठवडे खऱ्या पियानोवर वेळ मिळेल अशी सोय करा. स्टँडही बघा. एक्स आकाराचा हलणारा स्टँड असेल तर डुगडुगणारं वाद्य सावरायला हात सतत आवळलेले राहतात.

शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आपण डिजिटल पियानोचा आवाज बारीक ठेवतो. कानाला जोरकस स्वर हवा असतो, तो मिळत नाही, मग बोटं आपटायला लागतात. असं महिनाभर झालं की आपटणं ही सवय होते. हेडफोन लावा आणि आवाज असा ठेवा की मध्यम जोरात वाजवलं तर मध्यमच ऐकू येईल. खऱ्या पियानोच्या बाबतीत उलटी काळजी घ्या. फरशीच्या छोट्या खोलीत जोरकस वादनाचा आवाज ८५ डेसिबलच्या वर सहज जातो आणि रोज तासन् तास तो ऐकणं कानांना परवडत नाही. खाली जाड गालिचा, भिंतीला पुस्तकांचं कपाट आणि झाकण बंद एवढ्याने बराच फरक पडतो.

तिसरी पायरी: स्वर उमटला की सोडा

पियानोत हातोडी तारेवर आदळते आणि लगेच मागे फिरते. त्यानंतर तुम्ही पट्टी कितीही दाबा, त्या स्वरात काही बदल होत नाही. तरी बहुतेक विद्यार्थी स्वर उमटल्यानंतरही पट्टीच्या तळाशी दाबत राहतात. ५० ग्रॅमचं काम किलोच्या हिशेबात होतं आणि एका पानात ते शेकडो वेळा होतं. हात दुखतात ते बहुधा या अनावश्यक दाबामुळे.

ही सवय मोडायला असं करा. मधल्या सप्तकात एक स्वर मध्यम जोरात वाजवा आणि पट्टी खालीच धरून ठेवा. आता दाब कमी करत न्या, इतका की आणखी थोडा कमी केला तर पट्टी वर येईल. त्या जागी थांबा. स्वर धरायला एवढंच वजन लागतं. याच अवस्थेत मनगट हलकेच वर-खाली आणि गोल फिरवून बघा. फिरत नसेल तर अजून कुठेतरी आवळलेलं आहे, बहुतेकदा अंगठ्याच्या मुळाशी. मग दुसरं बोट, तिसरं, असं पाचही बोटांनी करा. त्यानंतर एक सोपी ओळ घ्या आणि प्रत्येक स्वरानंतर तसंच सुटा. सुरुवातीला हे फार संथ होतं आणि मुलं कंटाळतात. पण या एका गोष्टीवर महिनाभर घालवलेला वेळ पुढच्या दहा वर्षांत भरून निघतो, असं माझं ठाम मत आहे.

हॅननच्या प्रसिद्ध पुस्तकातले बोटांचे व्यायाम बोटं उंच उचलून आणि वेगात करायला मी कुणालाच सांगत नाही. त्यापेक्षा पोलिश पियानोवादक आणि संगीतकार शोपाँची पद्धत बघा. तो नवशिक्याचा हात ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प आणि बी या पट्ट्यांवर ठेवायला सांगत असे. लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर, आखूड अंगठा आणि करंगळी पांढऱ्यांवर, म्हणजे हात आपोआप नैसर्गिक आकारात येतो. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांचं सी मेजर स्केल दिसायला सोपं आहे, पण हाताला काळ्या पट्ट्यांचं बी मेजर सोपं जातं.

चौथी पायरी: सरावाचं गणित

एका विद्यार्थिनीने रोज सहा तास वाजवते म्हटल्यावर शोपाँ चिडला होता आणि तीन तासांहून जास्त वाजवायचं नाही असं त्याने तिला बजावलं होतं. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजही बहुतेकांना पुरतो.

सुरुवात हात गरम करून करा. डिसेंबरात पुण्यातली सकाळ असो की एसीची खोली, गार हाताने अवघड तुकडा उघडू नका. दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात हात, खांद्यांचे गोल, खोलीत थोडं चालणं, मग मधल्या सप्तकात संथ आणि हलकं पाच-दहा मिनिटं वादन. ऑक्टेव्ह, म्हणजे एक स्वर आणि त्याचाच वरच्या सप्तकातला स्वर एकाच हाताने एकदम, आणि लांब पल्ल्याचे स्वरसमूह यानंतरच.

पंचवीस मिनिटांनंतर पाच मिनिटं उठायचं. गजर लावा, कारण रंगात आल्यावर कुणी आपणहून उठत नाही. सुट्टीत मोबाईल हातात घेतला तर ती सुट्टी धरू नका, अंगठा तिथेही राबतोच. सगळ्यात दमवणारा तुकडा सरावाच्या मध्यावर ठेवा, शेवटी नको. एकच अवघड ओळ सलग चाळीस वेळा वाजवण्यापेक्षा सहा-सात वेळा वाजवून दुसरीकडे जा आणि थोड्या वेळाने परत या. मेंदू यातून जास्त शिकतो आणि हात वाचतो. तयारीचा मोठा भाग पियानोपासून दूर बसून होतो: नोटेशन डोळ्यांसमोर धरून मनात वाजवणं, बोटांचे क्रमांक ठरवणं, रेकॉर्डिंग ऐकणं.

खरा धोका एकूण वेळेत नाही, एकदम झालेल्या वाढीत आहे. गणपतीत किंवा दिवाळीत पंधरा दिवस वाद्याला हात लावलेला नसतो आणि परत आल्यावर मागच्याइतकंच, उलट भरपाई म्हणून दुप्पट वाजवलं जातं. हात तिथे बिघडतो. मोठ्या सुट्टीनंतर निम्म्या वेळेने सुरू करा आणि दर आठवड्याला थोडा थोडा वाढवा. नवा पियानो, नवे शिक्षक, नवीन तंत्र, अवघड नवी रचना यातलं काहीही बदललं की वेळ आधी कमी करा.

हाताच्या हिशेबात पियानोशिवायचं कामही धरायला हवं. दिवसभर लॅपटॉपवर टायपिंग, दुचाकीचा क्लच, कणीक मळणं, मोबाईल. दहावी-बारावीच्या मुलांचं तर विचारूच नका. तीन-तीन तासांचे पेपर, त्याआधी सराव पेपर, आणि त्याच सुमारास पियानोची परीक्षा. त्या महिन्यांत एका पातळीवर टिकून राहणं पुरे, वरची ग्रेड नंतर.

पाचवी पायरी: हाताला न पेलणाऱ्या जागा

आजच्या पियानोवर एक सप्तक सुमारे १६५ मिलिमीटरचं असतं. हे माप १९व्या शतकात युरोपात पक्कं झालं आणि ते सगळ्यांच्या हातांना बेतलेलं नाही. लहान हाताच्या माणसाला, म्हणजे अनेक स्त्रियांना आणि जवळजवळ सर्व मुलांना, ऑक्टेव्ह म्हणजे कमाल ताण. त्याच ताणात जोराने आणि वेगाने वाजवायचं म्हटलं की अंगठ्याकडची आणि करंगळीकडची बाजू दोन्ही ओढल्या जातात. थोर वादक योसेफ हॉफमनचे हात लहान होते. त्यांच्यासाठी स्टाइनवे या पियानो बनवणाऱ्या कंपनीने किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो तयार केले होते. आजही साडेपाच आणि सहा इंची सप्तकाचे कीबोर्ड बनतात, आपल्याकडे मात्र ते सहज मिळणारे नाहीत. म्हणून आपल्या हातात उपाय उरतो रचना निवडण्याचा आणि बदलण्याचा.

बदल करायला लाजू नका. स्वरसमूह एकदम न वाजवता खालून वर उलगडता येतो. उजव्या हाताचा खालचा स्वर डाव्याला देता येतो. ऑक्टेव्हमधला आतला भराव सोडता येतो. शूबर्टच्या 'एर्लकोनिग' गीताच्या साथीत उजव्या हाताला सतत वेगवान ऑक्टेव्ह आहेत, आणि साथीदाराचा दंड भरून येण्यासाठी ते गीत प्रसिद्ध आहे. खुद्द शूबर्टनेही त्याची सोप्या साथीची आवृत्ती केली होती. परीक्षेच्या रचनेत असे बदल करण्याआधी मंडळाचे नियम वाचा, बाकी ठिकाणी संगीत शाबूत राहिलं की पुरे.

एकाच प्रकारची हालचाल लांबवर चालते तिथे जास्त सावध राहा: ऑक्टेव्हच्या ओळी, एकच स्वर वारंवार, शोपाँच्या दहाव्या ओपसातल्या (रचनासंचातल्या) दुसऱ्या एट्यूडसारखं, म्हणजे तंत्राच्या सरावासाठीच्या रचनेसारखं, तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या बोटावर सतत काम. अशी रचना मी संपूर्ण वेगात आठवड्यातून मोजक्याच वेळा वाजवू देतो. बाकी दिवस तुकडे, संथ, मधे श्वास. रशियन संगीतकार अलेक्झांडर स्क्रिआबिनचा हातही लहान होता. १८९१ मध्ये मॉस्कोत शिकताना लिस्टच्या डॉन जुआन फँटसीसारख्या अवाढव्य रचनांचा त्याने बेसुमार सराव केला आणि उजवा हात दुखावून घेतला. त्यातून पुढे फक्त डाव्या हातासाठीचे प्रेल्यूड आणि नॉक्टर्न जन्माला आले. ते आजही वाजवले जातात, सुंदर आहेत. पण ते दुखापतीतून आलेत म्हणून दुखापतीला थोरवी देऊ नये.

खुणा ओळखा

वाजवून झाल्यावर हात जड वाटला आणि तासाभरात मोकळा झाला, तर तो थकवा. चालतं.

वाजवताना एखाद्या ठरावीक जागी दुखतं आणि थांबल्यावर थांबतं, तर त्या क्षणी थांबा. तो तुकडा दोन-तीन दिवस बाजूला ठेवा आणि नेमकी कोणती हालचाल दुखवते ते शोधा. बहुतेकदा एखादं बोटांकन (कोणत्या स्वराला कोणतं बोट) किंवा बाकाची उंची सापडते. दुखणं रात्री किंवा दुसऱ्या दिवशीही टिकत असेल, कप उचलताना, कुलूप उघडताना जाणवत असेल, तर वादन बंद करून डॉक्टरांकडे जायचं. आठवडाभर वाट बघायची नाही.

काही खुणांची नावं माहीत असलेली बरी. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखतं आणि अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवलं की कळ येते, तर अंगठ्याच्या टेंडनच्या आवरणाला सूज असू शकते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येतात, रात्री हात झटकत उठावं लागतं, तर मनगटातल्या बोगद्यातली नस दाबली जात असेल. अनामिका आणि करंगळीला मुंग्या येत असतील तर कोपराकडे बघायला हवं. बधिरपणा आणि मुंग्या कधीच 'थकवा' नसतात. बोट वाकून अडकणं, सूज, हातातली ताकद कमी होणं, यातलं काही दिसलं तरी लगेच डॉक्टरांकडे जायचं.

यापेक्षा फसवी खूण म्हणजे दुखत नाही पण जमत नाही. कालपर्यंत सहज जाणारी ओळ अडखळते, एक बोट आपोआप आत वळतं किंवा ताठ उभं राहतं, आणि हे फक्त वाद्यावरच होतं, जेवताना किंवा लिहिताना नाही. हे फोकल डिस्टोनिया असू शकतं. यात बिघाड हातात नसून मेंदूने हालचालीवर ठेवलेल्या ताब्यात असतो. आणखी सराव हा यावरचा उपाय नाही, त्याने ते बळावतं. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर ऐन भरात असताना, १९६४ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी तळव्यात वळू लागली. तीस वर्षं ते डाव्या हातासाठीच्या रचना वाजवत, शिकवत आणि वाद्यवृंद चालवत राहिले. १९९०च्या दशकात बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी आणि हाताने केलेल्या स्नायूंच्या उपचारांनी ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. पियानोवादक गॅरी ग्रॅफमन यांनाही १९७९ मध्ये उजव्या हाताने वाजवणं सोडावं लागलं. या दोघांनी आपलं दुखणं उघडपणे सांगितलं, तोवर वादक ते लपवत असत, कारण कार्यक्रम जाण्याची भीती. कलावंतांच्या दुखापतींवरची स्वतंत्र वैद्यकशाखा १९८०च्या दशकात रुजली, त्यात या उघड बोलण्याचा मोठा वाटा आहे. अशी लक्षणं असतील तर थेट न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

डॉक्टरांकडे जाताना वाजवतानाचा एका बाजूने काढलेला व्हिडिओ घेऊन जा. दुखणं कधी सुरू झालं, त्याआधी काय बदललं होतं, रोज किती वाजवता, हे कागदावर लिहून न्या. "वाजवणं बंद करा" एवढंच सांगून बोळवण झाली तर हात आणि मनगटाचं काम करणारा सर्जन किंवा खेळाडूंबरोबर काम केलेला फिजिओथेरपिस्ट शोधा. पुनरावृत्तीचा भार म्हणजे काय हे त्यांना लवकर कळतं. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या मुलांसाठी बापाम ही कलावंतांच्या आरोग्याचं काम करणारी संस्था आहे, तिथे सल्ला मिळतो.

कार्यक्रमाचा दिवस

मंचावर हृदय वेगाने धडधडतं, हात गार पडतात, घाम येतो. या अवस्थेत प्रत्येक जण घरच्यापेक्षा जलद आणि जोरात वाजवतो. त्याची रंगीत तालीम करता येते. दोन मजले जिने भरभर चढा आणि धाप लागलेली असतानाच बसून पूर्ण कार्यक्रम वाजवा. तेव्हा कुठे खांदे उचलले जातात, कुठे श्वास अडतो, ते दिसतं. नोटेशनमध्ये त्या जागी पेन्सिलने खूण करा. ज्या कपड्यांत वाजवणार त्यातही एकदा वाजवून पाहा. बगलेत घट्ट ब्लेझर खांदे अडकवतो, बांगड्या आणि घड्याळ मनगटाला जड होतं, पदर पिन न केल्यास डावा हात सारखा तो सावरत बसतो. उंच टाचांच्या चपलेत पेडलसाठी टाच जमिनीवर टेकत नाही आणि नडगीचा स्नायू भरून येतो.

सभागृहात लवकर पोचा. आधी बाकाची उंची लावा, मग पियानोची पट्टी किती जड आहे ते संथ वाजवून अजमावा. तिथे पूर्ण कार्यक्रम जोरात वाजवून हात खर्च करू नका. सभागृहातल्या एसीत हातमोजे किंवा गरम पाण्याची पिशवी उपयोगी पडते, कोकणपट्टीच्या दमटपणात मात्र रुमाल आणि कोरडे हात. समारंभात वाजवणाऱ्यांनी आपला डिजिटल पियानो स्वतः जिन्यावरून उचलून लगेच वाजवायला बसू नये. वीस किलोंच्या आसपासचं ते धूड उचलून आल्यावर बोटं थरथरतात. दोघांनी उचला किंवा तासभर आधी पोचा.

वेदनाशामक गोळी घेऊन मंचावर जाऊ नका. ती दुखणं झाकते, इजा होत राहते. हात थरथरू नयेत म्हणून काही जण प्रोप्रॅनोलोल घेतात. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही, दमा असलेल्यांना धोक्याचं आहे, आणि ते पहिल्यांदा मंचावर तर कधीच घेऊ नये.

कार्यक्रमानंतर हात सोडून थोडं चाला. दुसऱ्या दिवशी जड काही वाजवू नका.

दुखापतीनंतर परत येताना

डॉक्टर किंवा फिजिओ हो म्हणाले की सुरुवात पाच मिनिटांनी करा, दिवसातून दोनदा, मधे काही तासांचं अंतर ठेवून. बाख किंवा सोप्या संथ रचना, पाच बोटांच्या आवाक्यातल्या, मऊ आवाजात. दुसऱ्या दिवशी सकाळी हात जसाच्या तसा असेल तर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक बैठक दोन-तीन मिनिटांनी वाढवा. दुखलं तर एक पायरी मागे या, शून्यावर नको. बैठका वीस मिनिटांच्या झाल्या की वेग वाढवा, मग जोर, आणि सर्वांत शेवटी ऑक्टेव्ह. तिन्ही एकाच आठवड्यात वाढवू नका. ज्या रचनेवर दुखापत झाली ती सगळ्यात शेवटी उघडा आणि बोटांकन नव्याने ठरवून, जणू पहिल्यांदाच शिकतोय अशा रीतीने. जुन्या बोटांकनात जुना ताण जपलेला असतो.

परीक्षा ठरलेली असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्र देऊन तारीख पुढे नेता येते का, हे केंद्राला लगेच विचारा, मुलाला तसंच बसवू नका. पालकांनी या काळात घड्याळ लावून किती वेळ वाजवलं ते विचारायचं नाही. हात कसा आहे, कुठे आवळला, कुठे सुटला, एवढंच विचारा आणि मूल जे सांगेल ते क्लासच्या शिक्षकांना त्याच शब्दांत कळवा.